जगदीशचंद्र बोस : टप्प्याटप्प्याने पोहोचलेल्या लहरी

नागपूर-तुळजापूर महामार्गाने यवतमाळ मागे टाकले, की काही वेळाने अरुणावती नदीच्या काठचे आर्णी लागते. माहूरगडाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंना आणि बाबा कंबलपोष यांच्या उरुसाला येणाऱ्या भाविकांना हे तालुक्याचे गाव चांगले परिचित आहे. भोवताली कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते, त्यापलीकडे सागवानाने झाकलेल्या टेकड्या आणि टेकड्यांच्या आड विखुरलेली खेडी, असा हा मुलूख. अशा मुलखात इंटरनेटची काचतंतूची तार प्रत्येक वस्तीपर्यंत नेणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम असते. म्हणून जेथे तार संपते, तेथून पुढचा प्रवास बिनतारी होतो. उंच लोखंडी मनोऱ्यांवर ढोलकीच्या आकाराचे गोल डबे बसविलेले दिसतात, ते याच कामासाठी. मनोऱ्यावरील लांबट, उभ्या पट्ट्या ग्राहकाच्या भ्रमणध्वनीशी संवाद साधतात. गोल डबे मात्र एका मनोऱ्याचा संदेश दुसऱ्या मनोऱ्याच्या हवाली करतात. पूर्वी डाकेचे हलकारे ठरावीक टप्प्यावर आपली थैली ताज्या दमाच्या दुसऱ्या हलकाऱ्याकडे सोपवीत, तसाच हा प्रकार.

या गोल डब्यांमधून निघणाऱ्या लहरी बहुधा दीड-दोन सेंटीमीटर लांबीच्या असतात. अशा चिमुकल्या विद्युत-चुंबकीय लहरी निर्माण करून, त्या मोजून, त्यांना नळीतून आणि नरसाळ्यातून वळवून त्यांच्याकरवी संदेश देण्याचे काम एका भारतीय प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात केले होते. त्या प्राध्यापकाचे नाव जगदीशचंद्र बोस. वनस्पतींना संवेदना असतात हे दाखवून देणारा शास्त्रज्ञ म्हणून शालेय पुस्तकांतून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या आयुष्यातील लहरींचा अध्याय मात्र बराच काळ झाकोळलेला राहिला. त्या लहरी फार दूर जात नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण होते.

पाठशाळेतले बालपण

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशातील मैमनसिंग येथे झाला. घराणे मूळचे विक्रमपूर परगण्यातील राढीखाल गावचे. वडील भगवानचंद्र हे ब्राह्मो समाजाचे अनुयायी आणि सरकारी सेवेतील अधिकारी. त्या काळी सुस्थितीतील कुटुंबे आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालण्यासाठी धडपडत. भगवानचंद्रांनी याच्या नेमके उलट केले. आपल्या मुलाने प्रथम मातृभाषा शिकावी, आपली माणसे ओळखावीत, या विचाराने त्यांनी त्याला बंगाली पाठशाळेत घातले. तेथे शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची मुले जगदीशचंद्रांची सोबती होती. त्यांच्याकडून ऐकलेल्या पाण्यातील जीवांच्या, पशुपक्ष्यांच्या गोष्टींनी निसर्गाविषयीचे त्यांचे कुतूहल जागे झाले, असे ते पुढे आवर्जून सांगत. या मुलांना घरी आणून मांडीला मांडी लावून जेवू घालण्यास आई बामासुंदरी यांची कधीच आडकाठी नसे.

जगदीशला शाळेत पोहोचवण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो गडी एकेकाळचा दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा ठोठावली होती आणि सुटून आल्यावर त्यांनीच त्याला घरात नोकरी दिली होती. भगवानचंद्रांचा स्वभाव असा होता. रोगराईत अनाथ झालेल्या मुलांना हातचे काम मिळावे म्हणून त्यांनी बर्दवान येथे स्वतःच्या घराच्या आवारात कारखाना-शाळा उघडली. देशी उद्योगधंद्यांत त्यांनी पैसा घातला, तो बुडाला आणि कुटुंब कर्जात सापडले. या कर्जाची छाया जगदीशचंद्रांच्या तारुण्यावर दीर्घकाळ राहिली.

१८६९ साली ते कोलकात्यास आले. हेअर स्कूल आणि त्यानंतर सेंट झेवियर्स या संस्थांत त्यांचे शिक्षण झाले. सेंट झेवियर्समधील फादर लाफों हे बेल्जियन धर्मगुरू पदार्थविज्ञान शिकवीत. पुस्तकातील सिद्धांत विद्यार्थ्यांपुढे प्रयोगाने उभा करण्यात त्यांचा हातखंडा होता. १८७९ मध्ये पदवी घेतल्यावर मुलाच्या मनात इंग्लंडला जाऊन सनदी परीक्षेला बसण्याचे होते. पित्याने त्याला नकार दिला. मुलाने राज्य करणारा होण्यापेक्षा विद्वान व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. अखेर वैद्यकाचा अभ्यास ठरला आणि खर्चासाठी आईने आपले दागिने पुढे केले.

लंडनमध्ये वैद्यकाचे वर्ष फार कष्टात गेले. मायदेशी जडलेला ज्वर तेथेही पाठ सोडीना आणि शवविच्छेदनाच्या खोलीतील हवेने तो बळावे. त्यामुळे वैद्यक सोडून त्यांनी केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञानाचा अभ्यास सुरू केला. तेथे लॉर्ड रॅली यांच्यासारखे गुरू लाभले. १८८४ मध्ये केंब्रिजची आणि पाठोपाठ लंडनची पदवी घेऊन ते परतले. येताना त्यांच्यापाशी ब्रिटनचे पोस्टमास्टर जनरल हेन्री फॉसेट यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांना लिहिलेले परिचयपत्र होते. टपाल-तार खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने ज्या तरुणाची शिफारस केली, तो पुढे तारेवाचून संदेश पाठविणार होता, हा योगायोगच म्हणावयाचा.

तीन वर्षांचा अबोल संघर्ष

रिपन यांच्या शब्दामुळे १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून त्यांची हंगामी नेमणूक झाली. शिक्षण खात्याचे संचालक सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांचा या नेमणुकीला मनापासून विरोध होता. भारतीय माणूस तत्त्वज्ञान शिकवू शकेल, काटेकोर विज्ञान त्याला पेलणार नाही, अशी त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची समजूत होती. भारतीय प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश वेतन मिळे. नेमणूक हंगामी असल्याने जगदीशचंद्रांना त्याच्याही निम्मे, म्हणजे एक तृतीयांश वेतन देऊ करण्यात आले.

घरावर कर्ज असताना नवख्या प्राध्यापकाने काय करावे? जगदीशचंद्रांनी पद स्वीकारले, शिकविण्यात कसूर केली नाही, परंतु पगाराला हात लावला नाही. एक ना दोन, तब्बल तीन वर्षे ते विनावेतन शिकवीत राहिले. याच काळात, १८८७ मध्ये, त्यांचा विवाह अबला दास यांच्याशी झाला. मद्रासमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या अबलाबाईंनी नव्या संसारातील ओढगस्त निमूटपणे सोसली. पुढे स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांनी स्वतंत्रपणे मोठे कार्य उभे केले. तीन वर्षांनंतर मात्र क्रॉफ्ट आणि प्राचार्य टॉनी या दोघांनाही आपले मत बदलावे लागले. जगदीशचंद्रांची नेमणूक कायम झाली आणि पूर्ण वेतन मागील तारखेपासून मिळाले. ती सारी रक्कम त्यांनी पित्याचे कर्ज फेडण्यात घातली.

लहान लहरींचा शोध

वेतनाचा प्रश्न सुटला, पण संशोधनासाठी कॉलेजात ना जागा होती ना पैसा. शिकविण्याचे तास भरपूर होते. न्हाणीघरालगतच्या एका चिंचोळ्या खोलीत त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. हाताशी मदतनीस म्हणून एक देशी कथिलकाम करणारा कारागीर. उपकरणांचा खर्च स्वतःच्या खिशातून. छत्तिसाव्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, यापुढील आयुष्य नव्या ज्ञानाच्या शोधासाठी वाहायचे, असा त्यांनी निश्चय केला.

त्या वेळी जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक हर्ट्‌झ यांच्या प्रयोगांनी विज्ञानजगत भारावलेले होते. मॅक्सवेलने गणिताने भाकीत केलेल्या विद्युत-चुंबकीय लहरी हर्ट्‌झने प्रत्यक्षात निर्माण करून दाखविल्या होत्या. १ जानेवारी १८९४ रोजी हर्ट्‌झचा अकाली मृत्यू झाला आणि त्याच्या कार्यावर ऑलिव्हर लॉज यांनी दिलेले व्याख्यान ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ते जगदीशचंद्रांच्या वाचनात आले. हर्ट्‌झच्या लहरी लांब होत्या. सर्वांत लहान लहरही साठ-सत्तर सेंटीमीटरची. या लहरी प्रकाशासारख्याच वागतात हे तपासायचे, तर तेवढ्याच मोठ्या आकाराचे आरसे आणि लोलक हवेत. चिंचोळ्या खोलीत ते मावणार कोठून? तेव्हा लहरच लहान करावी, हा मार्ग जगदीशचंद्रांनी पत्करला. प्लॅटिनमच्या चिमुकल्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून त्यांनी पाच मिलिमीटरपासून पंचवीस मिलिमीटरपर्यंतच्या लहरी मिळविल्या. सारे उपकरण टेबलावर मावेल एवढे लहान झाले.

मग त्यांची कल्पकता बहरली. लहरींना दिशा देण्यासाठी चौकोनी धातूची नळी आणि त्या गोळा करण्यासाठी धातूचे नरसाळे. वक्रीभवनासाठी गंधकाचा लोलक. लहरींचे ध्रुवण तपासण्यासाठी तागाचे पीळ दिलेले तुकडे. पानापानांत वर्ख घातलेले रेल्वेचे जाडजूड वेळापत्रकही त्यांनी याच कामी वापरले. आजचे अभियंते ज्याला तरंगमार्गक आणि शृंग-अँटेना म्हणतात, त्यांचे हे आद्य नमुने होत. मनोऱ्यावरचा गोल डबा उघडला, तर आतील मुख्य भाग याच नळीचा आणि नरसाळ्याचा वंशज असल्याचे दिसेल.

मे १८९५ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. त्याच सुमारास कोलकात्यात त्यांनी जाहीर प्रयोग करून दाखविला. एका खोलीतून सोडलेल्या लहरी मधल्या भिंती पार करून सुमारे पंचाहत्तर फुटांवरील तिसऱ्या खोलीत पोहोचल्या. तेथे घंटा वाजली, पिस्तूल उडाले, बारुदाचा लहानसा स्फोट झाला. लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहाचाही अडसर लहरींना झाला नाही, हे पाहून उपस्थित थक्क झाले. कॉलेज आणि आपले घर यांमधील सुमारे मैलभराच्या अंतरावर संदेश पाठविण्याचा त्यांचा मनसुबा होता. पण तो सिद्धीस जाण्यापूर्वीच १८९६ मध्ये त्यांना इंग्लंडला जावे लागले. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्रतिष्ठित शुक्रवार-व्याख्यानात त्यांनी आपले उपकरण विद्वानांपुढे मांडले. एका इंग्रजी अभियांत्रिकी नियतकालिकाने त्या वेळी वेगळेच आश्चर्य व्यक्त केले: या उपकरणाची रचना त्यांनी गुप्त ठेवली नव्हती, कोणीही ती पाहून पैसा करू शकला असता.

दोन वाटा

त्याच काळात गुल्येल्मो मार्कोनी हा इटालियन तरुण इंग्लंडमध्ये दाखल झाला होता. त्याच्यापुढे प्रश्न एकच होता, संदेश अधिकाधिक दूर कसा जाईल. उत्तरही त्याने अनुभवाने शोधले. लहर जितकी लांब, अँटेना जितकी उंच आणि शक्ती जितकी मोठी, तितका पल्ला वाढतो. डोंगर, वृक्ष, पृथ्वीचा उंचवटा यांना लांब लहर वळसा घालू शकते. बोस यांच्या मिलिमीटरी लहरींना ते साधत नाही. त्या प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात आणि वाटेत आडवे काही आले, की थबकतात. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडहून निघालेला संकेत अटलांटिकपार न्यूफाउंडलंड येथे टिपल्याचे जाहीर केले. जगाने निकाल दिला. पल्ला महत्त्वाचा ठरला आणि लहान लहरी प्रयोगशाळेतील शोभेची वस्तू म्हणून बाजूला पडल्या.

या अटलांटिकपारच्या प्रयोगात मार्कोनीने पाऱ्याचा एक ग्राहक वापरला होता. लोखंड, पारा आणि दूरध्वनीचे कर्णयंत्र यांची अशीच जोडणी जगदीशचंद्रांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केली होती. मार्कोनीच्या ग्राहकाचे मूळ तेथेच आहे, असे प्रतिपादन अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात १९९८ मध्ये सविस्तर करण्यात आले. याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. रेडिओचा जनक कोण, हा वाद भावनेच्या भरात खेळला जातो. वास्तविक मार्कोनीला दूरवर संदेश पोहोचविणारी व्यवस्था उभारायची होती, तर बोस यांना लहरींचे स्वरूप जाणून घ्यायचे होते. दोघांची उद्दिष्टेच निराळी होती.

पैशाविषयीही दोघांची वृत्ती निराळी होती. १९०१ मध्ये एका मोठ्या तार कंपनीच्या मालकाने जगदीशचंद्रांना ग्राहक-यंत्राच्या स्वामित्वहक्कासाठी गळ घातली. त्यांनी ती साफ नाकारली. ज्ञानाचा बाजार मांडणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. मात्र स्वामी विवेकानंदांच्या शिष्या सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळे अमेरिकेत एक अर्ज दाखल झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर आधारलेल्या त्यांच्या शोधकाला पेटंट मिळाले. अर्धसंवाहक वापरून केलेल्या उपकरणाचे हे जगातील पहिले पेटंट मानले जाते. त्याचा लाभ त्यांनी कधीच घेतला नाही आणि मुदत संपून ते आपोआप विरले. १९०९ मध्ये बिनतारी तारायंत्रासाठी नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि जर्मनीचे ब्राउन यांना विभागून मिळाले, तेव्हा जगदीशचंद्र त्या क्षेत्रातून केव्हाच बाहेर पडले होते.

वनस्पतींच्या जगात

लहरी ग्रहण करणारी यंत्रे सतत वापरली, की थकल्यासारखी मंदावतात आणि विश्रांतीनंतर पुन्हा ताजी होतात, असे त्यांच्या ध्यानात आले होते. निर्जीव धातूला थकवा येत असेल, तर सजीव-निर्जीवांमधील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न त्यांना छळू लागला. १९०० मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय पदार्थविज्ञान परिषदेत त्यांनी याच विषयावर निबंध वाचला. तेथून ते वनस्पतींकडे वळले आणि उरलेले आयुष्य त्यांनी लाजाळू, तारवटी, अशा वनस्पतींच्या सूक्ष्म हालचाली नोंदविण्यात घालविले. रोपाची क्षणोक्षणीची वाढ लक्षावधी पट मोठी करून दाखविणारा वृद्धिमापक हे त्यांच्या कल्पकतेचे शिखर होय.

या वाटेवर मानापेक्षा उपेक्षाच प्रथम वाट्याला आली. इंग्लंडमधील शरीरविज्ञानवेत्त्यांना पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची ही घुसखोरी रुचली नाही. त्यांचे निबंध रोखून धरले गेले. या कठीण दिवसांत रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्रिपुरानरेशांकडून त्यांनी मित्रासाठी आर्थिक साहाय्य मिळवून दिले. भगिनी निवेदितांनी ग्रंथलेखनात मोलाची मदत केली. त्यांचे काही निष्कर्ष पुढे इतरांनी पुष्ट केले, तर धातू आणि सजीव यांच्या साम्याविषयीची त्यांची मते विज्ञानाने जशीच्या तशी स्वीकारली नाहीत. परंतु वनस्पतीमध्ये विद्युत-संकेत वाहतात, हे त्यांचे मूळ प्रतिपादन आज मान्य झाले आहे.

१९१५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले. १९१७ मध्ये सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस संशोधन मंदिर स्थापन केले. तेथील संशोधनाचे फळ सर्वांचे असेल, संस्था त्यावर पेटंट घेणार नाही, असा दंडक त्यांनी घातला. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध झाले. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दिग्गज जगदीशचंद्रांचेच विद्यार्थी.

तरीही एक उणीव राहिलीच. लहान लहरींचे त्यांचे काम पुढे नेणारा कोणी शिष्य त्यांनी घडविला नाही. ते स्वतः वनस्पतींकडे वळले आणि नळ्या, नरसाळी, लोलक कपाटात गेले. कोलकात्यात रेडिओ-संशोधनाची परंपरा १९२० च्या दशकात शिशिरकुमार मित्रा यांनी नव्याने सुरू केली, पण तिचा विषय निराळा होता. अगदी स्पष्ट संकेतही पुढे झेलणारे कोणी नसेल, तर पहिल्याच टप्प्यावर हरवतो. ज्ञानाचेही तसेच आहे.

पल्ल्याचे कोडे

गंमत अशी, की पुढे खुद्द मार्कोनीलाच लहान लहरींकडे यावे लागले. १९२७ मध्ये इंग्लंड आणि भारत यांच्यात त्याच्या पद्धतीची शलाका-सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. तेथे हजारो मीटर लांबीच्या लहरींऐवजी काही दशक मीटरच्या लघुलहरी कमी खर्चात तेच काम करू लागल्या. १९३३ मध्ये तर मार्कोनीने व्हॅटिकन आणि पोपचा कास्तेल गांदोल्फो येथील वाडा अर्ध्या मीटरच्या आसपासच्या लहरींनी दूरध्वनीने जोडला. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्याचे निधन झाले. जगदीशचंद्र त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर रोजी, गिरिडीह येथे हे जग सोडून गेले. एकोणऐंशी वर्षे पूर्ण होण्यास अवघा एक आठवडा उरला होता.

जगाला लहान लहरींची गरज का भासू लागली, याचे कारण साधे आहे. लांब लहर म्हणजे अरुंद पायवाट. तिच्यावरून तारेचा कडकट्ट संकेत जाऊ शकतो, फार तर आवाज. लहर जितकी लहान, तितका रस्ता रुंद. चित्रे, चलच्चित्रे, हजारो लोकांचे एकाच वेळचे संभाषण यांना असा रुंद रस्ता लागतो. पण हा रस्ता लांबवर जात नाही. त्यावर उपाय म्हणजे टप्पे. थोड्या अंतरावर एक मनोरा, त्यावर ग्रहण करणारे आणि पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र. याला पुनःप्रक्षेपक किंवा रिपीटर म्हणतात. १९५१ मध्ये अमेरिकेचा पूर्व किनारा पश्चिम किनाऱ्याशी अशाच १०७ मनोऱ्यांच्या साखळीने जोडला गेला. एकेका लहरीचा पल्ला जेमतेम पन्नास किलोमीटर, पण साखळीने सारे खंड ओलांडले. ज्या दोषापायी लहान लहरी बाद ठरल्या होत्या, तो दोष टप्प्यांच्या व्यवस्थेने भरून काढला.

आर्णीसारख्या तालुक्यातील ग्राहकाला इंटरनेट मिळते ते याच हिशेबाने. मात्र टप्प्यांची व्यवस्था फुकट मिळत नाही. दोन मनोऱ्यांची परस्परांशी नजरभेट व्हावी लागते. मधली टेकडी, किंबहुना वाढलेला सागही आड येतो. मृगाचा पाऊस कोसळू लागला, की सेंटीमीटरी लहरी पाण्याच्या थेंबांत विरतात आणि दुवा क्षीण होतो. मधल्या एका ठाण्याची वीज गेली, की त्यापुढची सारी गावे मुकी होतात. घरात लावतो त्या साध्या वायफाय रिपीटरचेही असेच. तो एकाच कानाने ऐकतो आणि एकाच तोंडाने बोलतो, त्यामुळे संकेत दूर पोहोचला तरी वेग जवळजवळ निम्मा होतो. मोठ्या मनोऱ्यांवर ऐकण्यासाठी आणि बोलण्यासाठी स्वतंत्र लहरपट्टे असतात, म्हणून तेथे हा तोटा होत नाही.

कोणत्या कामाला कोणती लहर, याचा विवेक अखेर महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यात राबविलेल्या ग्राममार्ग प्रकल्पात याचा चांगला अनुभव आला. तेथील संशोधकांनी खामलोली परिसरात प्रथम दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यातील लांब लहरी वापरून पाहिल्या. झाडाझुडपांतून वाट काढण्यात त्या सरस होत्या. पुढे अधिक गावांसाठी त्यांनी पाच सेंटीमीटरच्या आसपासच्या, सहज उपलब्ध यंत्रांवर चालणाऱ्या वायफाय लहरींचे टप्पे उभारले. या कामाला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. एकाच गावाच्या दारापर्यंत मार्कोनीची वाट आणि बोस यांची वाट, दोन्ही हाताशी धरून जावे लागते, हाच त्याचा बोध.

जगदीशचंद्रांना न्याय मिळाला, पण उशिरा. २०१२ मध्ये अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांच्या १८९४ ते १८९६ मधील प्रयोगांना मिलिमीटर-लहरींच्या संदेशवहनाचा आद्य टप्पा म्हणून अधिकृत मान्यता दिली. २०२२ मध्ये भारतात पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनीसाठी लहरींचा लिलाव झाला, त्यात २६ गिगाहर्ट्‌झचा पट्टाही होता. ही लहर साडेअकरा मिलिमीटरची, म्हणजे प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्या चिंचोळ्या खोलीत एकदा जन्मलेलीच. ज्या लहरींचे कोणी मोल करीत नव्हते, त्यांच्यासाठी आता कंपन्यांनी बोली लावली.

मोल करणाऱ्यांची संख्या वाढली, तरी पल्ल्याचे कोडे टेकडीआडच्या वस्तीसाठी पूर्णपणे सुटलेले नाही. मनोऱ्याची साखळी जेथे ग्राहक भरपूर असतात तेथे लवकर पोहोचते. चार घरांच्या पाड्यासाठी आणखी एक टप्पा उभारणे कोणाच्याच हिशेबात बसत नाही. तेथील विद्यार्थ्याला परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी, शेतकऱ्याला कापसाचा भाव पाहण्यासाठी चढण चढून संकेताच्या शोधात जावे लागते. या अडचणीचे उत्तर लहरींपाशी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच एका प्राध्यापकाने पदरचे पैसे घालून त्या जगाला देऊन टाकल्या आणि मोबदल्यात काही मागितले नाही. आता उणीव आहे ती टेकडीच्या माथ्यावर आणखी एक लहानसा मनोरा उभा करणाऱ्याची. तो उभा राहिला, की पंचाहत्तर फुटांवर थांबलेला तो प्रवास त्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचेल.